तालाच्या मागून येणारी नंदा

प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या दाराआड एक पिशव्यांची पिशवी असते. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण ती भरतच जाते. ऑर्केस्ट्रात काढलेल्या वर्षांचं माझं तसंच झालंय. कुरकुंभच्या कंपनीत शिफ्ट करायची आणि सुट्टीला स्टेजवर बेस गिटार वाजवायची, असं मी नव्वदच्या दशकात सुरू केलं आणि पुढं बरीच वर्षं निभावलं. आता चौकात चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "दिलीपभाऊ, तो हेल्मेटचा किस्सा सांगा की!" एक काढायला जावं, तर त्याला अडकून दुसरा बाहेर येतो, आणि चहा गार होतो.

हे सगळे किस्से नंदाचे. दौंडच्या नंदाचे. पत्रिकेवर 'नंदा आणि पार्टी' असं छापून यायचं. पार्टी म्हणजे आम्ही चौघं. की-बोर्डवर रेल्वे कॉलनीतला रॉनी, ढोलकी आणि ऑक्टोपॅडवर बाळू, बेसवर मी, आणि निवेदनाला शिरूरचे पोपटराव मास्तर. नंदा स्वतः कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत गोळ्यांच्या पॅकिंगला होती. म्हणजे आठवडाभर गोळ्या आणि रविवारी गाणी!

*

नंदाचे वडील, आबा, रेल्वेत फिटर होते. तरुणपणी ते गायन पार्टीत गायचे. बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवसांत त्यांची पार्टी गावोगाव फिरायची. माईक असला काय आणि नसला काय, आबांना काही फरक पडायचा नाही. त्यांचा एकच नियम होता, "मागच्या वळीतल्या म्हातारीला ऐकू गेलं न्हाई, तर गाणं म्हणायचं कशाला?"

नंदा त्यांच्याच हाताखाली तयार झाली. आवाज त्यांचाच, वरची पट्टी, भरपूर दम. सगळं सुरळीत चाललं होतं. मग रॉनीच्या मावशीनं परदेशातून कॅसेटी पाठवल्या.

त्यातल्या एका कॅसेटवर कुणी अमेरिकन बाई गात होती. ती ओरडत नव्हती, तिला कसली घाई नव्हती. ताल आपला पुढं चालला होता आणि ही बाई मागून निवांत येत होती. नंदा रॉनीच्या ओट्यावर सबंध दुपार बसून राहिली. मग म्हणाली, "रॉनी, ह्या बाईला कुणीच घाई करत न्हाई का रे?"

"नाय. लोग रुकते हैं उसके लिए," रॉनी म्हणाला. रॉनी गडबडला की हिंदीत जायचा.

"मग मी बी अशीच गाणार. मराठीत!"

आणि खरंच तिनं स्वतःची गाणी करायला घेतली. नळावरची रांग, कंपनीची बस, पॅकिंगचा पट्टा, दुपारी रिकामी पडलेली रेल्वे कॉलनी. सगळं सावकाश, दबक्या आवाजात, कानाशी बोलल्यासारखं. पहिलं गाणं तिनं घरी म्हणून दाखवलं. आबांनी अर्धं ऐकलं आणि काळजीनं विचारलं, "पोरी, तब्येत बरी हाय ना?"

तेव्हापासून एक रीतच पडली. आबा प्रत्येक कार्यक्रमाला यायचे. नंदा जयंतीची गाणी म्हणायची तेव्हा मान डोलवायचे, मांडीवर ताल धरायचे. तिनं स्वतःचं गाणं सुरू केलं की उठायचे. "पान खाऊन येतो." आणि गाणं संपेपर्यंत ते पान काही संपायचं नाही.

नंदा म्हणायची, "पब्लिकचं जाऊ द्या. आबांनी माझं एक गाणं बसून पुरतं ऐकलं ना, की झालं माझं करिअर." हे ती हसत हसत म्हणायची. पण आबांची खुर्ची रिकामी झाली की तिचा आवाज किंचित खाली यायचा, आणि ते आम्हा चौघांनाही कळायचं.

*

या नव्या गाण्याचा पहिला बळी बाळू.

बाळू म्हणजे ढोलकीतला राजा माणूस. पण त्याचा जन्म गेला गाणाऱ्याला सांभाळून घेण्यात. गाणारा मागं पडला की वादकानं थांबायचं, हा त्याचा धर्म. आता नंदा मुद्दाम तालाच्या मागं राहायची. बाळूला वाटायचं, बाई मागं पडली. तो लय कमी करायचा. नंदाला मागंच राहायचं असायचं, म्हणून ती आणखी मागं सरायची. बाळू आणखी थांबायचा.

पहिल्याच प्रॅक्टिसला हे असं होत होत गाणं जागेवरच उभं राहिलं! रॉनीचा हात की-बोर्डवर तसाच. मी दोन सुरांमध्ये अडकलेलो. नंदा बाळूकडं बघतीय, बाळू नंदाकडं.

"काय झालं बाळूभाऊ?"

"माझं काय व्हायचंय? मी तुझ्यासाठी थांबलोय!"

"अहो, मी मुद्दाम मागं राहते. तुम्ही चला पुढं."

बाळूनं ढोलकीवरचा हात उचलला. "मुद्दाम? मग मला सांगायचं तरी! माणसाला असं वाटंवर उभं करत्यात व्हय?"

पुढं त्याला ते जमलं. इतकं जमलं की लग्नात दुसऱ्या पार्टीबरोबर वाजवतानाही तो गाणाऱ्याला सोडून पुढं निघून जायचा. एकदा नवरदेवाचा मामा स्टेजवर चढला तेव्हा कुठं भानावर आला.

*

पोपटराव मास्तरांचं दुखणं निराळं. त्यांना शांतता सहन व्हायची नाही.

शाळेत शांतता झाली की पोरांनी काहीतरी केलंय असं समजायचं, ही त्यांची इतक्या वर्षांची सवय. आणि नंदाच्या गाण्यात मधे मधे जागा मोकळ्या असायच्या. ती थांबायची, आम्ही थांबायचो, मग श्वास घेऊन पुढची ओळ. शिरूरला गणपतीच्या कार्यक्रमात ती अशी थांबली मात्र, मास्तर माईक घेऊन धावले, "जोरदार टाळ्या! वा, वा! आणि आता येत आहेत, प्राण्यांचे आवाज काढणारे आपले लाडके..."

नंदानं डोळे उघडले, तर शेजारी एक माणूस कोंबडा होऊन उभा!

मग मांडवली झाली. नंदा म्हणाली, "मास्तर, मी दोन्ही हात जोडले की गाणं संपलं. तोवर तुम्ही खुर्चीतून उठायचं न्हाई." मास्तरांनी कबूल केलं, आणि मास्तर शब्दाचे पक्के.

पुढचा कार्यक्रम इनामगावला, घोड नदीच्या काठावर. सुरुवातीलाच मास्तर तिथल्या उत्खननावर, हजारो वर्षांपूर्वी इथं राहणाऱ्या माणसांवर घसरले. तेव्हाचे रांजण, तेव्हाची घरं, तेव्हाची शेती. शेवटी समोरचे एक आजोबा म्हणाले, "मास्तर, त्यांचं झालं असंल तर आमच्याकडं या!"

गाणं सुरू झालं. नदीचा काठ आणि स्टेजवर हॅलोजन, त्यामुळं सगळ्या शिवारातले किडे आमच्याकडं निमंत्रण असल्यासारखे आलेले. गाण्याच्या ऐन मध्यावर नंदा थांबली, आणि तेवढ्यात एक मोठा किडा तिच्या नाकासमोर घिरट्या घालायला लागला. तिनं दोन्ही हातांनी त्याला फट्कन धरला.

हात जोडले गेले! मास्तर उठले!

"जोरदार टाळ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंदाला हात सोडवेनात, कारण आत किडा जिवंत होता. ती तशीच, हात जोडून, मास्तरांकडं रागानं बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी गावात म्हणे चर्चा होती, बाई लई नम्र हाय!

*

नव्याण्णवच्या आसपास पुण्याच्या एका स्टुडिओत आम्ही कॅसेट काढली. सगळी गाणी नंदाची. शिरूरच्या एस.टी. स्टँडजवळच्या कॅसेटवाल्यानं ती दर्शनी भागात लावली. आम्हाला वाटलं, निघाली गाडी.

पंधरवड्यानं मी चौकशीला गेलो, तर कॅसेटवाला वैतागलेला.

"अहो, विकत्यात. पण माघारी येत्यात!"

त्याचं असं झालं होतं की लोक कॅसेट घरी नेऊन टेपमध्ये घालायचे आणि गाणं ऐकून त्यांना वाटायचं, टेपचे सेल उतरले. मग नवे सेल आणायचे. तरी गाणं तसंच! मग टेप उघडून कापसानं हेड पुसायचं. तरी तसंच! मग कॅसेटमध्ये पेन्सिल घालून पट्टी घट्ट करायची. आणि शेवटी दुकानात येऊन म्हणायचे, "भाऊ, ही घसरतीय. बदलून द्या."

तो बदलून द्यायचा. ती पण घसरायची.

माझ्यादेखत एक जण आलाच. नंदाही माझ्याबरोबर होती. कॅसेटवाल्यानं तिच्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "ह्या स्वतः गाणाऱ्या. ह्यांनाच इचारा."

नंदानं तिथंच, भर स्टँडवर, त्या माणसासमोर एक ओळ गाऊन दाखवली. अगदी कॅसेटमध्ये होती तशी. त्यानं लक्ष देऊन ऐकली. नंदाकडं बघितलं, मग कॅसेटकडं बघितलं.

"म्हंजी मशीन बरूबर हाय," तो म्हणाला आणि कॅसेट घेऊन गेला.

दौंडच्या एका जीपवाल्यानं मात्र कॅसेट परत केली नाही. उलट आणखी एक नेली. मी विचारलं, एवढी आवडली? तर म्हणाला, "ही लावली की पब्लिक जागेवरनं भांडत न्हाई. गपगार बसतंय." नंदाला मी हे सांगितलं, तेव्हा ती दिवसभर खूश होती.

*

तिच्या कंपनीतही हेच. नंदा पॅकिंगच्या पट्ट्यावर गुणगुणायची, आणि शेजारच्या बायांचे हात तिच्या लयीत चालायला लागायचे. महिनाअखेर आली की सुपरवायझर हात जोडून यायचा, "नंदाताई, प्लीज! टार्गेट बाकी हाय. जयंतीचं कायतरी फास्ट म्हना!"

*

हां, हेल्मेट.

माझ्या कंपनीत सेफ्टी वीक होता. भाषणं, स्पर्धा, आणि शेवटच्या दिवशी दुपारी कल्चरल प्रोग्रॅम. साहेबांनी मलाच विचारलं, तुमची पार्टी आणा. कार्यक्रम प्लांटच्या आत, एका मोठ्या शेडमध्ये. आणि आमचे सेफ्टी ऑफिसर म्हणजे कायद्याचे बाप. गेटच्या आत आलेल्या प्रत्येकानं हेल्मेट घातलंच पाहिजे!

"सर, गाताना पण?"

"वरून काही पडलं, तर ते गाणं चालू आहे म्हणून थांबणार आहे का?"

बिनतोड. मग काय, नंदा नव्या साडीवर पिवळं हेल्मेट घालून उभी. बाळूचं हेल्मेट सैल, प्रत्येक थापेला डोळ्यावर यायचं. मास्तरांनी हनुवटीचा पट्टा इतका आवळला की त्यांचं तोंडच उघडेना. नंदा म्हणाली, असंच राहू द्या!

शेडच्या शेजारी कंप्रेसर चालू होता. ऑफिसरसाहेबांनी मीटर आणून आवाज मोजला. कंप्रेसर अधिक आमचे स्पीकर, मिळून मर्यादेच्या बाहेर. कंप्रेसर बंद करता येत नाही, कार्यक्रम रद्द करता येत नाही. मग त्यांनी नियमानुसार जे करायचं ते केलं. सगळ्या प्रेक्षकांना इअर प्लग वाटले.

नंदानं तिचं सगळ्यात हळुवार गाणं म्हटलं. समोर अख्खी शिफ्ट, कानात बोळे घालून, शिस्तीत बसलेली. कुणी उठलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही, 'फास्ट घ्या' म्हणून कुणी ओरडलं नाही. संपल्यावर ऑफिसरसाहेबांनी हात वर केला तशा सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या.

परत येताना बसमध्ये नंदा म्हणाली, "काय पण म्हणा, आजवर एवढी चांगली पब्लिक मिळाली नव्हती."

*

कवठे येमाई माझं आजोळ. तिथल्या यात्रेत आमचा कार्यक्रम ठरला तेव्हा मला धाकधूक होती. तिथं माझे थोरले मामा, आप्पा. त्यांचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. गुडघे दुखायला लागले तेव्हा मेंढरं विकली आणि विहिरीवर कांदा लावला. माझी बेस गिटार त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

"चारच तारा? बाकीच्या तुटल्या का?"

"न्हाई आप्पा, हिला चारच असत्यात."

"आन् वाजवतो तवा ऐकू तर कायच येत न्हाई!"

आता बेसचं काम मी त्यांना काय समजावणार? मी म्हटलं, "आप्पा, नंदाचं गाणं चालू असताना मी मधीच वाजवायचं बंद करतो. तुम्ही बघा."

तसं केलं. दुसऱ्या कडव्यात हात काढून घेतला. आप्पा पहिल्या रांगेतून मोठ्यानं म्हणाले, "ए दिलीप, जमीन गेली की रं! धर, धर!"

इतक्या वर्षांत बेस गिटारबद्दल याच्याहून चांगलं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. कार्यक्रमानंतर आप्पा नंदाजवळ गेले आणि म्हणाले, "बाय, लांबनं चालत यावं, मेंढरं वाघुरीच्या जाळीत बसावी, आन् मंग कुठं आपण टेकावं. तसं वाटलं बघ तुझं गाणं."

नंदानं वाकून त्यांना नमस्कार केला. ती जीपमध्ये येऊन आबांची वाट बघत बसली. मग म्हणाली, "दिलीपभाऊ, तुमचे आप्पा ऐकत्यात. शिरूरचे लोक ऐकत्यात. फक्त माझ्याच आबाला पान खायचं असतंय." त्या दिवशी आबा कवठ्यालाही आले होते, आणि तिथंही त्यांनी पानाची टपरी शोधून काढली होती. मला फार वाईट वाटलं. 

*

नंदा जे गाते त्याला जगात काहीतरी नाव आहे, हे आम्हाला कळलं पुण्यात. एका कॉलेजच्या सभागृहात कार्यक्रम होता. निवेदन करायला एक मुलगी होती, म्हणून मास्तर रुसून प्रेक्षकांत बसलेले. ती मुलगी इंग्रजीत म्हणाली, आता ऐकू या दौंडची निओ सोल सिंगर!

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आपल्याआधी आणखी कुणी आहे का?

ते प्रेक्षक पण वेगळेच. डोळे मिटून बसलेले, मान खाली. बाळूला वाटलं, झोपली सगळी. त्यानं बिचाऱ्यानं पार्टीच्या अब्रूसाठी मधेच ढोलकीवर असा काही तुकडा हाणला की पहिल्या रांगेतला एक दाढीवाला खुर्चीतून उडाला. तरी लोक म्हणाले, काय सुंदर कॉन्ट्रास्ट!

दौंडला आल्यावर नंदानं कौतुकानं आबांना सांगितलं, "आबा, मी गाते त्याला निओ सोल म्हणत्यात."

"म्हंजी?"

रॉनी मदतीला धावला, "निओ म्हणजे नवीन, अंकल. आणि सोल म्हणजे आत्मा."

आबांनी चष्मा काढला. पायजम्याला पुसला. पुन्हा घातला.

"तथागतानं सांगितलं, आत्मा न्हाई. बाबासायबांनी सांगितलं, आत्मा न्हाई. आम्ही जुना सोडून दिला, आन् ह्या पोरीनं नवीन आणला!"

नंदा हसून हसून खाली बसली. मग म्हणाली, "आबा, आत्मा ऱ्हाऊ द्या. गाणं तरी ऐका."

"ऐकू की," आबा म्हणाले. "जरा पान खाऊन येतो."

*

आता शेवटचा. हा मी चहावर सांगत नाही.

नंदाची आई आदल्या पावसाळ्यात गेली होती. घरात उरले आबा आणि नंदा, आणि नंदा पाळीला गेली की आबा एकटेच जेवायचे. त्या वर्षी जयंतीच्या आठवड्यात वस्तीतल्या पोरांनी पहिल्यांदाच ठरवलं की एक संध्याकाळ फक्त नंदाच्या स्वतःच्या गाण्यांची ठेवायची. आपल्या वस्तीत, आपल्या माणसांपुढं. नंदाला आठवडाभर जेवण गेलं नाही.

आम्ही पार्टीवाल्यांनी गुपचूप कट केला. मास्तरांनी आबांचा सत्कार ठेवला, म्हणजे त्यांना पहिल्या रांगेत, मधोमध, दोन जाडजूड पाहुण्यांच्या मधे बसवता येईल. उठायचं म्हटलं तरी वाट नाही. आणि पानाचं निमित्त नको म्हणून बाळूनं चौकातून पान आधीच आणून आबांच्या हातात दिलं.

आबांनी पानाकडं बघितलं, बाळूकडं बघितलं. "बरंच डोकं चालवलंय," एवढंच म्हणाले.

कार्यक्रम सुरू झाला. एक गाणं झालं, दुसरं झालं. आबा बसलेले. मान डोलत नव्हती, हात मांडीवर नव्हता. शाल खांद्यावर, पान मुठीत, नजर समोर. आवडतंय का नाही, काही कळायला मार्ग नाही.

शेवटी नंदानं नवीन गाणं घेतलं. आईवरचं. स्टेजवर ते पहिल्यांदाच येत होतं, आम्ही त्याची दोन-तीनदाच प्रॅक्टिस केली होती. पहिल्या कडव्यात पहाटे इंजिनाची शिट्टी होते आणि आई उठून भाकरीचं पीठ मळायला घेते. दुसऱ्यात ड्यूटी सुटायची वेळ होते आणि आई दारात येऊन उभी राहते. एवढंच गाणं. नंदा इतकं हळू गायली की मला माझ्या तारांची सळसळ ऐकू येत होती. बाळू नुसत्या बोटांनी वाजवत होता. शेवटची ओळ झाली, रॉनीनं सूर सोडला, नंदानं हात जोडले.

मास्तर उठले. लोक टाळ्यांसाठी हात उचलतात न उचलतात तोच आबा उभे राहिले.

नंदाचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, अरेरे, अजून एक मिनिट बसले असते तर काय बिघडलं असतं!

"थांबा मास्तर," आबा म्हणाले. माईक नव्हता, पण मागच्या वळीपर्यंत गेलं. "टाळ्या वाजवू नका. अजून एक कडवं हाय."

मी रॉनीकडं बघितलं. रॉनीनं बाळूकडं. आम्हाला दोनच कडवी माहीत होती. प्रॅक्टिसला दोनच होती, नंदानं आम्हाला रॉनीच्या ओट्यावर दोनच म्हणून दाखवली होती.

नंदा पांढरीफटक पडलेली. "आबा, रात्री मी हळूच म्हणायचे तेव्हा तुम्ही जागे होता?" तिनं विचारलं.

"म्हण पोरी," आबा म्हणाले आणि खाली बसले.

तिनं माईक धरला. आम्ही कुणीच वाजवलं नाही, वाजवणार तरी काय? ती एकटीच गायली. तिसरं कडवं चारच ओळींचं होतं. त्यातली एक माझ्या ध्यानात राहिली, 'दोन ताटं मांडतो म्हातारा, एकात जेवतो'. मागं कुणीतरी बाई मोठ्यानं रडायला लागली. नंदा थांबली नाही, सगळं कडवं म्हणाली. आबा मान खाली घालून ऐकत होते, आणि त्यांचा हात मांडीवर ताल धरत होता. तालाच्या जरासा मागून.

गाणं संपलं. कुणाला हलायचं सुचेना. पोपटराव मास्तरसुद्धा गप्प उभे होते.

आबांनी शाल सावरली. उठून मागं वळले आणि वस्तीकडं बघून म्हणाले,

"हां. आता झालं. आता वाजवा!"